पूल कोमट ठेवायचा, तोही पुण्यात बसून

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, पुण्याहून लोणावळ्याजवळच्या बंगल्यावर फोन लावला. "मामा, पूलचा हीटर लावलात ना? उद्या सकाळी पोरं यायचीत." बंगला सांभाळणारे मामा म्हणाले, "लावला की साहेब. लाल दिवापण पेटलाय." शनिवारी सकाळी पहिलं पोर पाण्यात उतरलं आणि किंचाळतच बाहेर आलं. लाल दिवा हीटर चालू असल्याचा नव्हताच. आत पाणी वाहत नाही म्हणून हीटर थांबलाय, हे सांगणारा तो दिवा होता. पंपाची बास्केट, म्हणजे कचरा अडवणारी जाळीची टोपली, पानांनी गच्च भरली होती.

दादाने तिथेच जाहीर केलं, आता मोठा हीटर बसवायचा आणि सगळं मोबाईलवर घ्यायचं. मी पंप, पॅनेल आणि वायरिंगच्या कामात उभा जन्म काढलेला माणूस, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन मला बसवलं गेलं. त्या दिवशी जे त्याला समजावलं, तेच जरा नीट मांडून इथे लिहितो. (पूल म्हणजे मराठीत नदीवरचा, हे मलाही ठाऊक आहे. पण 'जलतरण तलावाची बास्केट' असं म्हणणारा मिस्त्री मला अजून भेटायचा आहे.)

एक अंश म्हणजे किती?

दादाचा पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० घनमीटर, अर्थात ४०,००० लिटर पाणी. शाळेत शिकलो होतो: एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमधून, म्हणजे एक किलोवॅटचं यंत्र तासभर चालवून, ८६० किलोकॅलरी मिळतात. तेव्हा हा पूल फक्त एक अंशाने तापवायला साधारण साडेसेहेचाळीस युनिट हवेत. न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर या कामाला लावला, तर एका अंशासाठी तो जवळजवळ अख्खी रात्र आणि अख्खा दिवस चालेल, आणि तेही वाटेत उष्णता वाया गेली नाही तर.

थंडीत अशा उघड्या पूलचं पाणी २२ अंशांवर आलं असं धरू. मोठ्यांना मजेत डुंबायला २८ बरे वाटतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर ३०च्या आसपास. पोहण्याच्या स्पर्धांमध्ये पाणी २५ ते २८ अंशांत ठेवतात, पण तिथे माणूस हातपाय मारत असतो, पायरीवर बसून चहा पीत नसतो. २२ वरून २८ म्हणजे सहा अंश, म्हणजे २७९ युनिट. हिशेबापुरता युनिटचा दर १२ रुपये धरला तर एका खेपेला ३,३५० रुपये, आणि ते फक्त पाणी एकदा तापवण्याचे.

दादाकडे आधीपासून सहा किलोवॅटचा विजेचा हीटर होता. बास्केट स्वच्छ असती आणि तो रात्रभर बारा तास चालला असता, तर पाणी दीड अंशाने तापलं असतं. हे ऐकून दादाचा चेहरा पडला. पण पुढचा हिशेब त्याहून वाईट होता.

पूल हा उघडा माठ आहे

माठातलं पाणी गार का होतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माठ पाझरतो, बाहेरचा ओलावा वाऱ्याने उडून जातो आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातो. स्विमिंग पूल नेमकं हेच करतो, फक्त ३२ चौरस मीटरच्या उघड्या तोंडाने. उघड्यावरच्या पूलची साधारण ७० टक्के उष्णता बाष्पीभवनातूनच जाते. काही उष्णता रात्री मोकळ्या आभाळाकडे फेकली जाते, आणि भिंती व जमिनीतून जाते ती अगदी थोडी.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी ओढून नेतं. थंड, कोरड्या, वाऱ्याच्या रात्री पूलची पातळी पाच मिलिमीटर उतरली असं समजा. डोळ्याला कळतही नाही इतकी. पण पाच मिलिमीटर म्हणजे १६० लिटर, आणि तेवढ्यात सगळा पूल सव्वादोन अंशांनी गार होतो. आता गंमत पाहा: दादाचा हीटर रात्रभर दीड अंश चढवणार होता आणि वारा त्याच रात्री सव्वादोन अंश उतरवणार होता. हीटर चालला असता तरी पोर किंचाळलंच असतं.

म्हणून पहिला खर्च हीटरचा नाही, झाकणाचा. निळ्या प्लॅस्टिकचं, खालून हवेच्या फुगवट्यांचं बबल कव्हर मिळतं, ते पाण्यावर तरंगत पसरायचं. झाकण असलं की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, आणि तापवण्याचा खर्च निम्मा किंवा त्याहूनही कमी होऊ शकतो. कव्हर गुंडाळायला काठावर रोलर घ्याच. रोलर नसेल तर ते ओलं धूड ओढायला दोन माणसं लागतात आणि चौथ्या दिवसापासून कुणी ओढत नाही. कव्हर भिंतीला टेकून उन्हात तडकत राहतं. एक सक्त सूचना: बबल कव्हर म्हणजे सुरक्षेची जाळी नव्हे. लहान मूल त्यावर पाय ठेवेल तर ते खाली जाईल आणि कव्हर वरून पुन्हा मिटेल. कुंपण आणि कुलूपवालं दार वेगळं हवंच.

दादाच्या पूलला दरीच्या बाजूने पाणी ओसंडून पडणारी कड आहे, फोटोत छान दिसते ती. उष्णतेच्या दृष्टीने ती कड म्हणजे पाणी ताटलीत ओतून फुंकर घालण्याचा प्रकार आहे. धबधबा, कारंजं, ओसंडणारी कड, जे काही असेल ते रात्री बंद राहील अशी सोय करा. वाऱ्याच्या बाजूला मेंदीचं दाट कुंपणसुद्धा बराच फरक करतं.

आता हीटर

चार जाती आहेत. विजेचा साधा हीटर, म्हणजे मोठा गीझर, एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो. स्वस्त, आटोपशीर, पण बिल पाहवत नाही. तीन-चार हजार लिटरच्या जकुझीला ठीक.

गॅसचा हीटर सगळ्यात वेगवान. पण सहा अंशांसाठी १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर जवळपास दीड लागतात. शिवाय मोठ्या बर्नरला लागेल इतक्या वेगाने एकच सिलिंडर गॅस सोडू शकत नाही. तो बाहेरून गारठतो, त्यावर दव धरतं आणि ज्योत मंदावते. मग सिलिंडरांची रांग, रेग्युलेटर, हवेशीर जागा. हॉटेलांचं काम आहे ते.

सौर तापवणीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. गच्चीवरच्या सोलर गीझरच्या काचेच्या नळ्या ६० अंशांच्या पाण्यासाठी असतात. पूलला हवेत २८. त्यासाठी काच लागतच नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया छपरावर अंथरून पूलचं पाणी त्यातून फिरवलं की झालं. वीस चौरस मीटरची चटई आपल्याकडच्या हिवाळी उन्हात दिवसाला एक-दीड अंशाची कमाई करते. फक्त छपरावर आणि पूलमध्ये एकेक तापमापक लावून, छप्पर पूलपेक्षा गरम असेल तेव्हाच पाणी वर जाईल अशी व्यवस्था हवी. ती नसेल तर रात्री हेच छप्पर इमानेइतबारे पूल गार करून देतं. जागा असेल तर उत्तम उपाय आहे. दादाचं छप्पर उतरतं, कौलारू आणि झाडाखाली. त्यामुळे तो बाद झाला.

राहिला हीट पंप, आणि महाराष्ट्राच्या हवेला हाच सगळ्यात मानवतो. याचं काम समजायला घरातला फ्रिज पुरे. फ्रिज आतल्या भाजीची उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. म्हणून त्याची पाठ गरम लागते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकतो. तो उष्णता तयार करत नाही, हमालासारखी उचलून आणतो. वीज लागते ती हमालीपुरती. चांगल्या हवेत तीन युनिट वीज घेऊन तो पंधरा युनिट उष्णता पाण्यात उतरवतो. याला पाचपट म्हणू. मग मघाचे २७९ युनिट होतात ५६, आणि ३,३५० रुपयांचे होतात ६७०.

कंपनीच्या कागदावरची ही पट कोणत्या हवेतली आहे ते मात्र विचारा. सहसा ती २६-२७ अंशांच्या दमट हवेत मोजलेली असते. लोणावळ्याच्या पहाटे बारा अंशांत हमालाला उचलायला उष्णताच कमी सापडते आणि पट खाली येते. त्यामुळे हीट पंप रात्री चालवण्यात शहाणपण नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालवा आणि सूर्य कलला की कव्हर टाका. छपरावर विजेचे सोलर पॅनेल असतील तर तीच त्यांच्या कमाईची वेळ आहे.

पंधरा किलोवॅट उष्णतेचा हीट पंप हा पूल सहा अंशांनी चढवायला एकोणीस-वीस तास घेईल. फक्त दिवसा चालवला तर तीन दिवस. शनिवारी सकाळी पोहायचं असेल तर बुधवारी सकाळी बटण दाबायला हवं. आणि बुधवारी दादा पुण्यात ऑफिसात असतो. रिमोटची खरी गरज इथे आहे. गाडीतून उतरता उतरता पाणी गरम करण्यासाठी रिमोट नसतो, ते कुठल्याच मोबाईलला जमणार नाही.

पाइपात कोण कुणाच्या आधी

पूलचं पाणी फिरतं ते असं: काठावरचं स्किमर (वरचं पाणी आणि तरंगता कचरा ओढून घेणारं तोंड) आणि तळाची जाळी, तिथून पंप, मग वाळूचा फिल्टर, मग पुन्हा पूल. हीटर बसतो फिल्टरनंतर, म्हणजे त्याच्यात कचरा जात नाही. क्लोरीन सोडणारं यंत्र हीटरच्याही नंतर, आणि दोघांच्या मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप. हा क्रम चुकवलेली कामं मी पाहिली आहेत. पंप थांबला की तीव्र क्लोरीनचं पाणी मागे सरकून हीटरच्या नळ्यांत जाऊन बसतं आणि धातू खातं. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये टाकायची सवयही याच कारणाने सोडायची. हीट पंपात टायटॅनियमची नळी असेल असाच घ्या. तांब्याचं आयुष्य अशा पाण्यात फार नसतं.

हीटरला तीन व्हॉल्व्हचा बायपास (हीटर टाळून पाणी नेणारी वाट) आणि दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता सुटणारे जोड, लावून घ्या. उद्या तो दुरुस्तीला गेला तर पूल बंद ठेवावा लागू नये. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्याचा पांढरा थर हीटरच्या आत धरतो. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. आणि पाणी कोमट केलं की शेवाळ खूश होतं, क्लोरीन लवकर संपतं, हे बिलात धरा.

दोन गोष्टींनी लोक हमखास घाबरतात. परत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी हात धरून म्हणतात, "हे तर गारच आहे!" तासाला ६,००० लिटर पाणी वाहत असेल तर पंधरा किलोवॅटचा हीट पंप त्याला जेमतेम दोन अंशांनी गरम करतो. हाताला ते कळणार नाही; तसंच अपेक्षित आहे. दुसरं म्हणजे यंत्राखाली साचणारं पाणी. गार झालेल्या हवेतला दमटपणा तिथे ठिबकतो, एसीसारखाच. गळती आहे का, ही शंका असेल तर त्या थारोळ्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवा. क्लोरीन निघालं तर गळती, नाही तर दव.

रिमोट: आधी डोळे, मग हात

या बाबतीत पूलवाल्यांच्या कितीतरी आधी आपला शेतकरी पोचलेला आहे. विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करायला मोबाईल स्टार्टर गावोगाव वापरात आहेत. सिम कार्ड असलेला डबा, त्याला फोन किंवा मेसेज केला की मोटर चालू. रात्री-अपरात्री वीज येणार, अंधारात साप-विंचवातून विहिरीवर कोण जाणार, यातून ती गरज उपजली. बंगल्यावर वाय-फाय भरवशाचं नसेल तर पूललाही हाच डबा चालतो, आणि मी तो बिनदिक्कत सुचवतो.

वाय-फाय असेल तर पाहायचं असतं ते अंतर. पंपरूम बहुधा बागेच्या टोकाला, अर्धी जमिनीत, वर काँक्रीटचा स्लॅब आणि लोखंडी दार. राउटर घरातल्या टीव्हीमागे. मोबाईलला काठावर रेंज दिसते म्हणून पंपरूममध्ये मिळेल असं नाही. सरळ लॅन केबल नेऊन तिथे वाय-फाय पसरवणारा छोटा ॲक्सेस पॉइंट लावा. शंभर मीटरपर्यंत ती केबल निमूट काम करते. बरीचशी उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर बोलतात, तेवढं तपासा.

आता खुद्द स्विच. ऑनलाइन मिळणारा स्मार्ट प्लग पंपाला थेट लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते आणि प्लगमधले नाजूक संपर्क एक दिवस चिकटून बसतात. मग मोबाईलवर 'बंद' आणि पंप चालूच. मधे कॉन्टॅक्टर हवा: छोटा रिले त्याच्या कॉइलला हुकूम देतो, मोठा करंट कॉन्टॅक्टर पेलतो.

पण मामांच्या लाल दिव्याचा धडा यापुढचा आहे. बहुतेक ॲपमध्ये 'चालू' हा शब्द एवढंच सांगतो की तुम्ही हुकूम सोडला. पंप फिरला का, पाणी वाहिलं का, त्याला ठाऊक नसतं. म्हणून बटणाच्या आधी तीन माहित्या मोबाईलवर यायला हव्यात: पाणी वाहतंय की नाही हे सांगणारा फ्लो स्विच, पाण्याचं तापमान, आणि फिल्टरवरचा दाब. दाब वाढत चालला तर फिल्टर मळलाय. दाब पडला आणि प्रवाह रोडावला तर बास्केट भरलीय किंवा पाण्याची पातळी स्किमरखाली गेलीय. या तीन आकड्यांवरून मामांना फोन करून नेमकं काम सांगता येतं.

आणि शेवटचा शब्द मोबाईलचा असता कामा नये. आधी पंप, मग दोनेक मिनिटांनी प्रवाह दिसला तरच हीटर. बंद करताना आधी हीटर, मग थोड्या वेळाने पंप. हा क्रम पॅनेलमध्येच तारांनी बांधलेला असावा, म्हणजे इंटरनेट गेलं, ॲप अडकलं, नातवाने फोन घेऊन बटणं दाबली, तरी चुकीचं काही होत नाही. वीज जाऊन आली की यंत्रणा त्याच क्रमाने आपली आपण उठली पाहिजे. तारीख, वार आणि तास लावायचा टायमरही पॅनेलमध्येच असावा. काही उपकरणं परदेशातल्या सर्व्हरशिवाय हलतच नाहीत. ज्याला साधं हाताचं बटण नाही असं काहीही घेऊ नका.

पंपाशेजारी कुलूप लावता येईल असा आयसोलेटर, म्हणजे पंपाची वीज पूर्ण तोडणारा स्विच, लावा. मामांचा हात बास्केटमध्ये असताना दादाने पुण्यातून पंप चालू केला, तर? हा प्रश्न मी विचारला तेव्हा दोघेही एकदम गप्प झाले. तळाच्या जाळ्या तुटलेल्या असतील तर त्या बदलेपर्यंत दूरवरून पंप चालवायचा विचारही नको. ओढ फार जोरदार असते.

विजेचं थोडक्यात. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच), नीट मोजलेलं अर्थिंग, शिडी आणि कठड्याचा धातू त्याला जोडलेला, पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे. हीट पंप आणि पॅनेल पूलच्या कडेपासून साडेतीन मीटरच्या पलीकडे. पंपरूम जमिनीत असेल तर पॅनेल आत न लावता वर, पावसाच्या बाजूला पाठ करून. लोणावळ्याच्या पावसात खड्ड्यातल्या खोलीत पाणी भरतं, ते कुणाला विचारत नाही. आणि मंजूर भार अपुरा असेल तर महावितरणकडे अर्ज आधी, यंत्राची ऑर्डर नंतर.

खरेदीच्या आधी मी मामांना एक काम दिलं. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच पातळीला. रात्री आठला दोन्हीकडे खूण करायची, पंप बंद, नळ बंद, आणि सकाळी आठला पट्टीने मोजायचं. वाऱ्याने उडालं असेल तर दोन्हीकडे सारखंच उतरेल. मामांनी तीन दिवस वहीत आकडे लिहिले: बादलीत चार मिलिमीटर, पूलमध्ये अकरा. म्हणजे रोज रात्री सव्वादोनशे लिटर पाणी गळत होतं, आणि तापवलं असतं तर तापवलेलंच गळालं असतं. पाण्यातल्या एका दिव्याच्या खाचेतून ते जात होतं. ती बुजवून घेतली, कव्हर आलं, आणि हीट पंप मार्चमध्ये आला, थंडी संपल्यावर. दादा अजून मला त्यावरून ऐकवतो.